नखाची कड

नेलपॉलिशचा पहिला टवका कुठून उडाला हे नीट पाहिले, तर त्या बाईच्या दिवसाचा बराचसा हिशेब लागतो. उजव्या तर्जनीचे टोक आधी उघडे पडले असेल, तर डब्यांची झाकणे उचकटणे, लसूण सोलणे, बाटल्यांवरची लेबले खरवडणे ही कामे तिच्याकडे आहेत. अंगठ्याच्या नखाची एकच बाजू झिजली असेल, तर शेंगा फोडण्याचा हंगाम चालू आहे, किंवा ती निपाणीकडची असेल तर विड्या वळते; भिजवलेले पान गुंडाळायचे आणि त्याचे टोक मुडपायचे, या एकाच हालचालीत अंगठा दिवसभर घासला जातो. आणि दहाही नखांच्या टोकांना सारखीच फिकट रेघ उमटली असेल, तर घरातली भांडी तिच्याच वाट्याला आलेली आहेत, हे वेगळे विचारावे लागत नाही.

नेलपॉलिश कसे टिकवावे यावर जे काही छापून येते, त्यात हातांना फारसे काम नाही असे गृहीत धरलेले असते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात तसे हात क्वचितच सापडतील. मी राहते त्या बेळगावातल्या शहापुरातून पलीकडे वडगाव-खासबागेकडे गेले, की अजूनही काही गल्ल्यांतून मागांचा आवाज येतो. तिथे मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईच्या दृष्टीने नखावरचा टवका हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो; अर्धवट उचकटलेल्या पॉलिशची धार बारीक तारेत अडकते आणि धागा तुटतो. अशा हातांनी रंग लावूच नये असे म्हणणे सोपे आहे. पण गणपत गल्लीतल्या आणि खडेबाजारातल्या बांगड्यांच्या दुकानांत नेलपॉलिशच्या छोट्या बाटल्या ज्या हातांनी उचलल्या जातात ते पाहिले, तर हा सल्ला कुणी मानणार नाही हेही कळते. तेव्हा विचार करायचा तो कामाच्या हातांवर रंग कसा टिकेल याचाच.

या बाटलीत असते तरी काय? मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या शोनबाइन या रसायनज्ञाने १८४६ मध्ये तो जगापुढे आणला तो स्फोटक म्हणून. तोच पदार्थ योग्य द्रावकात विरघळवला, की सुकल्यावर पातळ, चकचकीत पापुद्रा देतो, हा त्याचा दुसरा गुण पुढे फार उपयोगी पडला. क्यूटेक्सचे द्रवरूप पॉलिश १९१७ मध्ये बाजारात आले, ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' हा मोटारींचा रंग १९२३ मध्ये, आणि गडद, अपारदर्शक छटांचे पॉलिश विकणारी रेव्हलॉन कंपनी १९३२ मध्ये. आपल्याकडे टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. थोडक्यात, मोटारीचा रंग आणि नखांचा रंग यांचे कूळ एकच आहे, आणि गॅरेजमधला पेंटर आजही 'एनसी' म्हणतो तेव्हा तो याच नायट्रोसेल्युलोजविषयी बोलत असतो.

हे नाते मला कळले ते पुस्तकातून नव्हे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. त्यांतल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये माझा चुलतभाऊ काम करतो. एका रविवारी त्याची मुलगी डोक्याला तेल चोपडून, हात नुसते परकराला पुसून, खिडकीत नेलपॉलिश लावायला बसली होती. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "तेल पुसलीस काय आधी? तसंच रंग मारायलीस?" ती म्हणाली, "पप्पा, हा काय पत्रा नव्हे." त्यावर त्याचे उत्तर होते, "रंगाला काय कळतंय, खाली पत्रा हाय का नख हाय."

रंगाला खरोखरच कळत नाही. कारखान्यात सुटा भाग रंगायला येतो तेव्हा त्यावरचे तेल आधी काढतात, मग प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, मग रंगाचे पातळ हात, आणि प्रत्येक हातानंतर सुकायला वेळ; आणि तरीही रंग सुटायला लागला तर तो सपाट भागावरून आधी सुटत नाही, कडेवरून सुटतो. याचे कारण साधे आहे. ओला रंग धारदार कडेवर थांबत नाही, आपल्याच ताणाने मागे सरकतो आणि कडेवर त्याचा थर सर्वांत पातळ उरतो. म्हणून जाणता पेंटर कडांवर ब्रशने एक वेगळा हात मारून घेतो. नखाचे टोक ही अशीच कड आहे, आणि भांड्यांवर, बटणांवर, मोबाइलवर सगळ्यात आधी आपटते तीही तीच.

मात्र एका बाबतीत नख पत्र्याहून अवघड आहे. पत्रा पाणी पीत नाही. नख हे केराटिन या कठीण प्रथिनाच्या पातळ थरांचे बनलेले असते आणि पाणी त्यातून त्वचेपेक्षा कितीतरी जलद जाते-येते. हात पाण्यात राहिले की नख फुगते, मऊ होते, त्याचा बाक थोडा सैल होतो. हात सुकले की ते पुन्हा आकसते. वर सुकलेला पॉलिशचा थर या हालचालीत त्याला साथ देऊ शकत नाही. दिवसातून अनेकदा हा खेळ झाला, की थराची पकड कडेपासून ढिली होत जाते आणि मग लसणाच्या एका पाकळीचे निमित्त पुरते. आपण दोष लसणाला देतो, पण टवका सुटण्याची तयारी सकाळच्या भांड्यांपासून चाललेली असते.

एवढे लक्षात आले, की पार्लरमधल्या एका रूढ पद्धतीविषयी शंका येऊ लागते. कोमट पाण्याच्या वाडग्यात थोडा शाम्पू घालून बोटे बुडवून ठेवायची, नखाच्या मुळाशी असलेली साय, म्हणजे कातडीची पातळ कड, मागे सारायची, हाताला क्रीमने मसाज करायचा आणि लगेच रंग लावायचा, हा क्रम बहुतेक ठिकाणी सर्रास दिसतो. हाताला त्याने छान वाटते यात वाद नाही. परंतु रंग लावण्याच्या क्षणी नख पाण्याने फुगलेले आणि वरून क्रीमने माखलेले असते. पुढच्या तास-दोन तासांत ते आकसणार, आणि फुगलेल्या नखाच्या मापाने सुकलेला थर त्याला मोठा होणार. मसाज करून घ्यायचाच असेल तर रंग दुसऱ्या दिवशी घरी लावावा, हे माझे मत ऐकून पार्लरवाल्या ताई हसतात. त्यांचा धंदा एका बैठकीत सगळे उरकण्यावर चालतो, हेही मला मान्य आहे.

घरी लावायचे तर रात्रीची जेवणे आटोपून, भांडी होऊन, ओटा पुसून झाल्यावर निदान तासभर थांबावे. त्या तासात नख पुरेसे सुकते. नखांना कानस लावायची असेल तर ती कोरड्या नखावरच, कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने फिरवावी. करवतीसारखी मागे-पुढे ओढली, की टोकाशी नखाचे थर एकमेकांपासून सुटतात, आणि सुटलेल्या थरावर लावलेला रंग कितीही उंची असला तरी तो थर घेऊनच खाली पडतो. उडालेला टवका फेकण्यापूर्वी उलटा करून उजेडात पाहावा. त्याची मागची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर पकड बसली नव्हती, म्हणजे तेल किंवा पाणी आडवे आले. तिथे पांढरट, भुरभुरीत पापुद्रा चिकटलेला असेल, तर रंगाची पकड उत्तम होती आणि नखच दुबळे होते. पहिल्या बाबतीत रंग लावण्याआधीची तयारी सुधारावी लागते, दुसऱ्या बाबतीत नख आखूड ठेवावे लागते. बाटली बदलून यांपैकी काहीच सुधारत नाही, आणि बहुतेक जणी नेमकी तीच बदलतात.

तयारीचा शेवटचा भाग अगदी छोटा आहे. कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पुसून घ्यावे, जुना रंग नसला तरीही. काही रिमूव्हरमध्ये नखे कोरडी पडू नयेत म्हणून तेल घातलेले असते; ते एरवी चांगले, पण या कामासाठी निरुपयोगी. पुसल्यावर नखाची चमक जाऊन ते थोडे मळकट, खडूसारखे दिसू लागले की झाले. त्यानंतर केसांतून हात फिरवायचा नाही.

मग बेस कोट, म्हणजे रंगाखाली लावायचा थर. हे पैसे उकळण्याचे साधन आहे असे आमच्याकडच्या काकी-मावश्यांचे ठाम मत आहे, आणि स्वस्तातल्या काही बाटल्यांच्या बाबतीत ते खोटेही नसेल. तरीही बेस कोटमध्ये चिकटून बसणाऱ्या राळेचे प्रमाण जास्त ठेवलेले असते, आणि रंगावर लावायच्या टॉप कोटमध्ये कडक, चकचकीत थर देणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचे. दोन्ही कामे एकाच द्रवाकडून तितकीच चांगली होत नाहीत. शिवाय गडद लाल रंग थेट नखावर लावला, की त्यातले रंगद्रव्य केराटिनमध्ये उतरते आणि काढल्यावर नख पिवळे दिसते. बेस कोट मध्ये असला की हे बरेचसे टळते. दोन्हींपैकी एकच घेणे परवडत असेल तर कोणती घ्यावी, असे मला कुणी विचारले, तर कामाच्या हातांसाठी मी टॉप कोट सांगेन, कारण तो पुन्हा पुन्हा लावता येतो.

रंगाची बाटली हलवू नये. तळहातांमध्ये धरून लाटल्यासारखी फिरवावी, नाहीतर हवेचे बुडबुडे रंगात शिरतात आणि सुकताना नखावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. कुंचला बाटलीच्या गळ्याशी पुसून त्याच्या एकाच अंगाला थेंब ठेवावा. तो थेंब मुळाशी सायीच्या किंचित अलीकडे टेकवावा, केसभर अंतर सोडून, कारण रंग कातडीवर चढला की कातडी हलताना तो उचलला जातो आणि तिथून पाणी आत शिरते. मग मध्ये एक फटकारा, दोन बाजूंना दोन, आणि शेवटी कुंचला आडवा धरून टोकाच्या जाडीवरून एकदा फिरवायचा. ही शेवटची हालचाल, कडेवरून कुंचला नेण्याची, बहुतेकींच्या सवयीत नसते. बेस कोट, रंगाचे दोन हात आणि टॉप कोट अशा प्रत्येक वेळी ती केली, की टोकाला रंगाची टोपी बसते. लवकर सुकणारे टॉप कोट सुकताना आकसतात आणि खालच्या रंगालाही टोकापासून मागे ओढतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत तर ती टाळताच येत नाही. नखे अगदी आखूड असतील तर बोटाच्या पेराला थोडा रंग लागतो. तो नंतर रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या काडीने पुसावा.

दोन जाड हातांपेक्षा तीन पातळ हात बरे. पॉलिश सुकते म्हणजे त्यातले एथिल असिटेट आणि ब्युटिल असिटेट ही द्रावके उडून जातात. वरचा भाग काही मिनिटांत सुकल्यासारखा वाटला तरी आतले द्रावक बाहेर पडायला कित्येक तास घेते. जाड थरात तर ते अडकूनच राहते. रात्री अकराला लावून साडेअकराला झोपले, की सकाळी नखांवर चादरीचे विणकाम छापलेले मिळते, ते याच कारणाने. अशा मऊ थराला दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी घालून मळायला लावले, तर तो काय टिकणार? रंग बसवायला निदान एक रात्र द्यायलाच हवी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या सकाळची भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थापावी. हे वाक्य मी लिहिते खरे. ते अमलात येण्याची शक्यता घरपरत्वे बदलेल.

आता पावसाविषयी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकून बसलेले आहे, आणि जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी ओलसर असते की पापडाचा डबा उघडायची भीती वाटते. या दिवसांत एक वेगळीच तक्रार ऐकू येते: लावलेला रंग सुकल्यावर धुरकट, दुधाळ दिसतो. द्रावक वेगाने उडताना नखाचा पृष्ठभाग गार होतो, आणि हवेतली वाफ त्यावर बसून थरात अडकते. लाकडाला एनसी लॅकर मारणारे सुतारही पावसाळ्यात याच धुरकटपणाने हैराण होतात. म्हणून आषाढ-श्रावणात पंख्याखाली बसून नखे सुकवू नयेत. वाऱ्याने द्रावक आणखी वेगाने उडते आणि धुके वाढते. खिडकी बंद, हात पातळ, मध्ये अंतर जास्त, एवढे केले की भागते.

एकाच जिल्ह्यात याचे उलटे टोकही आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला पाऊस धो-धो कोसळत असतो, तेव्हा पूर्वेकडे अथणीच्या बाजूला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. तिकडच्या कोरड्या हवेत नखे ठिसूळ होतात, रंग कडक बसतो आणि टवका उडण्याऐवजी नखाबरोबर तडकतो. तिथे नखाच्या मुळाशी आणि कडेला रोज रात्री थेंबभर खोबरेल तेल चोळणे हा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. तेल रंगाखाली घातक, पण रंग पुरता सुकल्यावर वरून हितकारक. दोन्ही सांगितले, की ऐकणारी गोंधळते, म्हणून हा क्रम सांगायला मी विसरत नाही.

आमच्या शेजारच्या भाभींना या सगळ्या खटाटोपाचे नवल वाटते. नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हात-पाय-तोंड धुताना, पाणी नखापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि पॉलिशचा थर ते पोहोचू देत नाही, म्हणून त्या एरवी नखांना मेंदीच लावतात. मेंदीतले लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी जोडले जाते, नखाच्या आत रंग मुरतो, वर थर राहतच नाही. त्यामुळे सुटायला काही उरत नाही. ती फक्त नखाबरोबर पुढे सरकते. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, आणि पूर्ण नवे यायला साधारण सहा महिने लागतात, तेव्हा लग्नातली मेंदी तळहातावरून कधीच गेली तरी नखाच्या टोकावर केशरी चंद्रकोर बराच काळ राहते. टिकण्याच्या शर्यतीत पॉलिशने मेंदीशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. मात्र मेंदीत रंग एकच, आणि पॉलिश वाटेल तेव्हा पुसता येते. ऑपरेशनच्या आधी किंवा बोटाला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावताना रुग्णालयात रंग काढायला सांगतात, तेव्हा ही सोय कामी येते.

नखाच्या वाढीचा हाच आकडा पॉलिशलाही मर्यादा घालतो. सगळे नीट जमले आणि एकही टवका उडाला नाही, तरी दोन आठवड्यांत मुळाशी दीडेक मिलिमीटरची उघडी पट्टी दिसू लागते. तेव्हा महिनाभर टिकणाऱ्या रंगाच्या जाहिरातींना फार भाव देऊ नये. साध्या पॉलिशचा आठवडा, आणि जपून वापरले तर दहा दिवस, ही मला वाजवी अपेक्षा वाटते. जेल पॉलिश दोन-तीन आठवडे टिकते ते वेगळ्या कारणाने: ते सुकत नाही, दिव्याच्या अतिनील किरणांखाली त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट होतात. लग्नसराईसाठी ते सोयीचे आहे. पण त्यातली अॅक्रिलेट वर्गातली रसायने कच्ची असताना कातडीला लागली, तर काहींना कायमची अॅलर्जी जडते, आणि त्यातला टीपीओ हा, दिव्याखाली घट्ट होण्याची क्रिया सुरू करून देणारा घटक युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केला आहे. जेल करून घ्यायचेच तर कातडीला न लागू देता लावणाऱ्या हाताकडून करावे, आणि घरी बसून सोलून काढू नये. सोलताना नखाचा वरचा थर जातो आणि पुढचे काही महिने त्या नखावर साधा रंगही धरत नाही.

लावलेला रंग राखायचा म्हणजे मुख्यतः पाण्यापासून राखायचा. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत हा सल्ला आमच्याकडे चेष्टेचा विषय होतो; "दवाखाना काढलीस काय घरात?" असे एका वैनींना त्यांच्या सासूबाईंनी विचारल्याचे मी ऐकले आहे. वैनींनी मोजे काढले नाहीत, आणि काही दिवसांनी थंडीतल्या गार पाण्यासाठी सासूबाईंनीही जोड मागवला. मोजे नकोच असतील, तर निदान दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात, अर्थात टोकाच्या कडेवरूनही, फिरवावा. टवका उडालाच तर उरलेला रंग नखाने खरवडू नये. खड्ड्याची धार रिमूव्हरच्या ओल्या काडीने गुळगुळीत करावी, खड्ड्यापुरता रंग भरावा, तो सुकला की सगळ्या नखावर एक हात द्यावा. बाटली घट्ट झाली असेल तर त्यात पॉलिशसाठी मिळणाऱ्या थिनरचे दोन-तीन थेंब घालावेत. रिमूव्हर घातला तर रंगाचा पोतच बिघडतो, आणि गॅरेजमधला एनसी थिनर, कूळ एक असले तरी, नखांच्या जवळपासही आणू नये.

पायांच्या नखांना यातले बहुतेक नियम थोडे सैल करून चालतात. ती हातांच्या नखांपेक्षा बरीच सावकाश वाढतात, आणि भांडी घासत नाहीत. नागपंचमीला लावलेला रंग तिथे गौरी येईपर्यंत सहज तग धरतो, फक्त रोप लावणीला चिखलात उतरणाऱ्या पायांचा अपवाद सोडून. तिथे लावणी संपेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे, म्हणजे बाटलीही वाया जात नाही आणि गौरीच्या आदल्या रात्री बसायला निवांत वेळही मिळतो.